साठीनंतरचा शांतियात्री : निचिदात्सु फुजी गुरुजी

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्या एका शहरात सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी जपानमधील एका बौद्ध भिक्षूने वयाची साठ वर्षे पूर्ण केली. आपल्याकडे साठ संवत्सरांचे चक्र पूर्ण झाले की षष्ट्यब्दीपूर्ती करतात. जपानी परंपरेतही साठ वर्षांनी कालचक्र पुन्हा आरंभाशी येते आणि माणसाचा जणू दुसरा जन्म होतो, असे मानले जाते. निचिदात्सु फुजी यांच्या बाबतीत ही समजूत अक्षरशः खरी ठरली. त्यांच्या आयुष्याची पुढची चाळीस वर्षे अण्वस्त्रांच्या विरोधात गेली. या दुसऱ्या जन्माचे बीज मात्र त्यापूर्वी बारा वर्षे आपल्या वर्ध्यात पडले होते.

महाराष्ट्रात फुजी गुरुजींचे नाव आज फारसे कोणाच्या ओठावर नाही. वर्ध्याला गीताई मंदिराजवळचा पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप अनेकांनी पाहिलेला असतो. मुंबईत वरळीला पोद्दार रुग्णालयासमोरून जाताना जपानी बौद्ध मंदिरही नजरेस पडते. या दोन्ही वास्तूंमागे उभा असलेला माणूस मात्र विस्मरणात गेला आहे. त्याचे चरित्र जाणून घेण्याजोगे आहे, आणि ते केवळ त्याच्या थोरवीपुरते नाही. तो चुकला होता, त्याचा देश चुकला होता आणि त्या चुकीनंतर काय करायचे, हा प्रश्न त्याने उत्तरार्धात प्रत्यक्ष जगून दाखवला.

शेतकऱ्याचा मुलगा, सूत्राचा उपासक

निचिदात्सु फुजी यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ रोजी जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर, आसो या ज्वालामुखीच्या परिसरात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण शेतकी शाळेत झाले. त्या काळी जपान झपाट्याने पाश्चात्त्य वळणाचे आधुनिक राष्ट्र होत होता. कारखाने, रेल्वे, आरमार यांची भरभराट चालू होती आणि हुशार तरुणांना सरकारी नोकरीची व सैन्याची वाट खुणावत होती. अशा वेळी, १९०३ मध्ये, या तरुणाने मस्तक मुंडून भिक्षूची दीक्षा घेतली.

ही दीक्षा निचिरेन परंपरेतली होती. निचिरेन हे तेराव्या शतकातील जपानी आचार्य. सद्धर्मपुंडरीक सूत्र, म्हणजे ज्याला जपानमध्ये कमलसूत्र म्हणून ओळखतात तो ग्रंथ, हाच बुद्धाचा अंतिम उपदेश आहे असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या सूत्राच्या नामाचा उच्चार हीच त्यांनी सांगितलेली साधना. आपल्या वारकऱ्यांना नामस्मरणाचे महत्त्व सांगावे लागत नाही. तेव्हा ‘ना मु म्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र घोकत, पंख्याच्या आकाराचा चामड्याचा डफ वाजवत, मैलोन् मैल चालत जाणारा भिक्षू मराठी वाचकाला फारसा परका वाटू नये.

फुजी यांनी अनेक वर्षे शास्त्राध्ययनात घालवली. निरनिराळ्या पंथांचे ग्रंथ अभ्यासले, उपवास केले, कठोर तप केले. पांडित्याने त्यांचे समाधान झाले नाही. १९१७ मध्ये टोकियोच्या राजवाड्यासमोर उभे राहून त्यांनी डफ वाजवत नामघोष केला आणि आपल्या स्वतंत्र कार्याला आरंभ केला. ‘निप्पोनझान म्योहोजी’ या संघाची सुरुवात येथून मानली जाते. संघाचे पहिले मंदिर जपानमध्ये नव्हते. ते १९१८ मध्ये मांचुरियातील लियाओयांग येथे उभे राहिले. १९२३ च्या सप्टेंबरात टोकियो परिसरात भीषण भूकंप होऊन एक लाखाहून अधिक माणसे मरण पावली, तेव्हा ते मायदेशी परतले. पुढच्या वर्षी जपानमधील पहिले मंदिर फुजी पर्वताच्या पायथ्याकडील तागोनोउरा येथे झाले.

मांचुरियाचा हा उल्लेख वाचकांनी लक्षात ठेवावा. जपानी सत्ता ज्या दिशेने पसरत होती, त्याच दिशेने त्या काळी जपानी धर्मसंस्थाही जात होत्या. त्याची किंमत पुढे या संघाला मोजावी लागली.

भारताची वाट

निचिरेन यांची एक भविष्यवाणी फुजी यांच्या मनात घर करून होती. बुद्धाचा धर्म भारतातून पूर्वेकडे जपानला आला. एके दिवशी तो जपानहून पुन्हा पश्चिमेकडे, आपल्या जन्मभूमीकडे जाईल, असा तिचा आशय. ती खरी करण्यासाठी पंचेचाळिशीत त्यांनी भारताची वाट धरली. १९३१ च्या आरंभी ते कोलकात्याला पोहोचले. इंग्रजी येत नाही, हिंदी येत नाही, ओळखीचे कोणी नाही. हातात डफ आणि मुखी मंत्र एवढ्या सामग्रीनिशी ते रस्त्यांवरून हिंडू लागले.

तो काळ भारतात सत्याग्रहाचा होता. मीठ उचलल्याबद्दल साठ हजारांहून अधिक लोक तुरुंगात जाऊन आले होते. निःशस्त्र माणसे लाठ्या खातात आणि तरीही हात उगारत नाहीत, हे दृश्य जगाला नवे होते. या भिक्षूलाही गांधीजींच्या भेटीची ओढ लागली. १९३३ च्या ऑक्टोबरात ती भेट वर्ध्याला झाली. सेवाग्राम तेव्हा वसायचे होते. साबरमतीचा आश्रम सोडून गांधीजी वर्ध्याच्या आश्रमात राहत होते आणि हरिजन यात्रेच्या तयारीत होते.

दोघांमध्ये भाषेची भिंत होती. तरीही त्यांचे सूर जुळले. फुजी काही काळ आश्रमात राहिले आणि तेथील दिनक्रम त्यांनी स्वीकारला. आश्रमवासी त्यांना गुरुजी म्हणू लागले आणि हेच संबोधन पुढे भारतभर रूढ झाले. त्या जपानी मंत्राला आश्रमाच्या प्रार्थनेत आरंभीचे स्थान मिळाले. सेवाग्रामच्या प्रार्थनेत तो पुढेही टिकून राहिला. एका परकीय पंथाचा मंत्र आपल्या रोजच्या प्रार्थनेच्या प्रारंभी ठेवणे, हे गांधीजींच्या सर्वधर्मसमभावाला साजेसेच होते.

गुरुजींचे काही शिष्यही भारतात आले. त्यांतील एक भिक्षू सेवाग्राम आश्रमात राहत असे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान महायुद्धात उतरताच ब्रिटिश सरकारने शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला पकडून नेले. सकाळ-संध्याकाळ डफ वाजवून सर्वांच्या कल्याणाची प्रार्थना करणाऱ्या या साधूच्या सात्त्विकतेची नोंद गांधीजींनी आपल्या लेखनात आवर्जून केली आहे.

वर्ध्याच्या त्या वर्तुळात आणखी एक व्यक्ती होती, आचार्य काकासाहेब कालेलकर. साताऱ्यात जन्मलेले आणि बेळगावात काही काळ शिक्षक असलेले काकासाहेब हे फुजी गुरुजींच्याच वयाचे. दोघांचाही जन्म १८८५ चा. पुढे काकासाहेबांनी जपानचे अनेक दौरे केले, त्या देशावर गुजरातीत प्रवासवर्णन लिहिले आणि भारत व जपान यांच्यातील स्नेहाचा धागा आयुष्यभर जपला.

मुंबईतही गुरुजींना आश्रयदाते मिळाले. बिर्ला कुटुंबातील जुगल किशोर बिर्ला यांच्या साह्याने वरळीचे मंदिर आकाराला आले. गिरण्यांच्या भोंग्यांच्या त्या वस्तीत पहाटे व सायंकाळी जपानी डफाचा नाद घुमू लागला.

युद्धाचा डाग

येथपर्यंतची कथा संतचरित्राला शोभेल अशी आहे. भक्तांनी लिहिलेली चरित्रे बहुधा येथून थेट हिरोशिमावर जातात. मधली वर्षे मात्र अशी ओलांडून जाता येणार नाहीत.

गुरुजी भारतात असतानाच, १८ जानेवारी १९३२ रोजी, शांघाय शहरात त्यांच्या संघाच्या जपानी भिक्षूंच्या एका गटावर जमावाने हल्ला केला. त्यांतील एक भिक्षू पुढे मरण पावला. या घटनेचे निमित्त करून जपानी आरमाराने शांघायवर चढाई केली आणि हजारो चिनी नागरिक त्या संघर्षात बळी पडले. हल्ला घडवून आणण्यामागे जपानी लष्कराच्याच हेरांचा हात होता, हे महायुद्धानंतर उघड झाले. प्रार्थनेचा डफ वाजवत जाणारे भिक्षू युद्धखोरांच्या हातचे प्यादे ठरले.

भिक्षू येथे बळी होते. परंतु पुढे चीनविरुद्धचे युद्ध पेटले तेव्हा या संघाने त्याला विरोध केला नाही. संघाचे काही भिक्षू सैन्याच्या पाठोपाठ चीनमध्ये फिरले. राष्ट्र आणि धर्म यांची त्या काळच्या जपानमध्ये जी गल्लत झाली होती, तिच्यातून बहुतेक बौद्ध पंथ सुटले नाहीत आणि हा संघही सुटला नाही. वर्ध्यात अहिंसा जवळून पाहून आलेला हा साधक आपल्या देशाच्या हिंसेपुढे तिचा उच्चार करू शकला नाही, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्यात कटुता असली तरी तथ्य आहे.

गांधीजींची अहिंसा परक्या सत्तेविरुद्ध लढताना पाहणे सोपे होते. तीच अहिंसा स्वतःच्या सरकारविरुद्ध, स्वतःच्या सैन्याविरुद्ध, आप्तेष्टांच्या रोषाला तोंड देत वापरणे अतिशय कठीण होते. हा धडा गुरुजींना फार मोठी किंमत मोजून मिळाला. टोकियो, ओसाका यांसारखी शहरे आगीच्या वर्षावात बेचिराख झाली. मग त्यांच्या साठीच्या दिवशी हिरोशिमा जळाले आणि तीन दिवसांनी नागासाकी. शस्त्राने राष्ट्राचे रक्षण होते, हा समज त्या राखेत संपला. बचावासाठी म्हणून उचललेले शस्त्रही शेवटी संहाराकडेच नेते, या निष्कर्षाला ते आले आणि नंतर कधीही त्यापासून ढळले नाहीत. १९४७ मध्ये अमलात आलेल्या जपानच्या नव्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा हक्क सोडून दिला. त्या कलमाचे रक्षण हे गुरुजींनी धर्मकार्य मानले.

स्तूप आणि डफ

पराभूत, उपाशी आणि ओशाळलेल्या जपानमध्ये गुरुजींनी प्रथम काय केले, तर स्तूप बांधायला घेतला. क्यूशूमधील कुमामोतो शहराजवळच्या हानाओका टेकडीवर हे काम सुरू झाले. लोकांच्या श्रमातून ते अनेक वर्षे चालले. पंडित नेहरूंनी भेट दिलेले बुद्धाचे अस्थिधातू त्यात ठेवण्यात आले आणि १९५४ मध्ये हा पहिला शांतिस्तूप पूर्ण झाला.

स्तूप म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना दूर जाऊन पाहावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात याच शहरात एका प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले होते. त्यातून ब्राह्मी लिपीतील लेख असलेली दगडी पेटी निघाली. दात्याचे आणि कारागिराचे नाव कोरून कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी ती श्रद्धेने भूमीत ठेवली होती. पंचगंगेच्या काठी जी परंपरा होती, तीच गुरुजी विसाव्या शतकात पुन्हा जागी करू पाहत होते. फरक हेतूचा होता. अणुयुगात माणसाच्या मनातून भय आणि वैर जावे, शहराच्या गजबजाटात त्याला क्षणभर थांबावेसे वाटावे, यासाठी त्यांचा स्तूप होता.

स्तूपाने अण्वस्त्रे थांबतात का, हा प्रश्न त्यांना वारंवार विचारला गेला असणार. गुरुजी नुसते स्तूप बांधून थांबले नाहीत, हेच त्याचे उत्तर. कुमामोतोचा स्तूप पूर्ण झाला त्याच वर्षी, १ मार्च १९५४ रोजी, अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. किरणोत्सर्गी राख मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पडली. नौकेवरील बिनतारी संदेशवाहक सप्टेंबरमध्ये मरण पावला. जपानभर संतापाची लाट उसळली. टोकियोतील गृहिणींनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेला तीन कोटींहून अधिक लोकांचा पाठिंबा मिळाला. नेहरूंनीही एप्रिलमध्ये लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. १९५५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमाला अणुबॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. फुजी गुरुजींचे पिवळ्या वस्त्रांतील भिक्षू या चळवळीत सर्वांच्या पुढे चालू लागले.

ऑक्टोबर १९५६ : सुनागावा आणि नागपूर

टोकियोच्या पश्चिमेला सुनागावा नावाचे गाव होते. शेजारच्या अमेरिकी हवाई तळाची धावपट्टी वाढवण्यासाठी त्या गावाच्या शेतजमिनी घेण्याचे सरकारने ठरवले. शेतकऱ्यांनी विरोध केला. विद्यार्थी आणि कामगार त्यांच्या साह्याला धावले आणि गुरुजींचे भिक्षूही आले. १२ व १३ ऑक्टोबर १९५६ रोजी मोजणीसाठी आलेल्या पोलिसांनी जमावावर लाठ्या चालवल्या. शेकडो लोक जखमी झाले. डफ वाजवत, नामघोष करत भिक्षू जागेवरून हलले नाहीत. त्यांच्या मुंडन केलेल्या मस्तकांवर लाठ्या पडल्या.

कमलसूत्रात एका बोधिसत्त्वाची कथा आहे. तो भेटेल त्याला नमस्कार करतो. लोक चिडून त्याला काठ्या-दगडांनी मारतात. तो दूर पळतो आणि तेथून पुन्हा नमस्कार करतो, कारण मारणाऱ्यातही त्याला भावी बुद्ध दिसतो. गुरुजींच्या संघात या कथेला फार महत्त्व आहे. सुनागावाच्या शेतात ही कथा आणि वर्ध्यात पाहिलेला सत्याग्रह हे दोन्ही एकत्र आले. १४ ऑक्टोबरच्या रात्री सरकारने मोजणी थांबवल्याचे जाहीर केले. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेने विस्ताराचा बेतच सोडून दिला.

महाराष्ट्राच्या वाचकाला १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख वेगळी सांगायला नको. त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. दोन्हींची पार्श्वभूमी निराळी, दोन्हींचे प्रश्न निराळे. मात्र बुद्धाचा विचार मठात बंदिस्त ठेवायचा नाही, अन्यायाने गांजलेल्या माणसाच्या बाजूने तो उभा करायचा, ही जाणीव त्या एकाच दिवशी आशियाच्या दोन टोकांना दिसली.

पायी चालणारी चळवळ

गुरुजींच्या संघाने चळवळीला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे पदयात्रा. जून १९५८ मध्ये संघाचे एक भिक्षू अत्सुशी निशिमोतो हिरोशिमाहून टोकियोकडे पायी निघाले. अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. वाटेत गावोगावचे लोक सामील होत गेले आणि ऑगस्टमध्ये टोकियोला पोहोचेपर्यंत त्या एकट्याच्या पावलांची मोठी यात्रा झाली. तेव्हापासून जपानमध्ये दरवर्षी उन्हाळ्यात अणुबॉम्बविरोधी शांतियात्रा निघण्याची प्रथा पडली.

१९६२ मध्ये भिक्षू ग्योत्सु सातो यांच्यासह चौघेजण हिरोशिमाहून पोलंडमधील ऑश्विट्झकडे निघाले. एका टोकाला अणुबॉम्बचे शहर, दुसऱ्या टोकाला नाझींची छळछावणी. जपानी माणसाने केवळ आपल्यावर झालेला अन्याय सांगत न फिरता दुसऱ्यांच्या वेदनेपुढेही नतमस्तक व्हावे, हा त्या यात्रेचा अर्थ होता. आशियातील देशांतून जाताना यात्रेकरूंना जपानी सैन्याच्या अत्याचारांच्या कहाण्याही ऐकाव्या लागल्या. युद्धकाळात जे पाहायचे राहून गेले होते, ते संघाचे शिष्य आता पायी चालत पाहत होते. १९६३ च्या जानेवारीत ते ऑश्विट्झला पोहोचले.

त्याच वर्षी जपानमधील अणुबॉम्बविरोधी चळवळ फुटली. सोव्हिएत संघाच्या अणुचाचण्यांचा निषेध अमेरिकेच्या चाचण्यांइतकाच करायचा की नाही, यावर कम्युनिस्ट आणि समाजवादी यांच्यात बेबनाव झाला. पुढे दोन निराळ्या संघटना झाल्या आणि हिरोशिमाच्या स्मृतिदिनी दोन निराळ्या परिषदा भरू लागल्या. बॉम्बने भाजलेल्या माणसांना हा वाद पाहून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. चौदा वर्षांनी, १९७७ च्या फेब्रुवारीत, पाच ज्येष्ठ व्यक्तींनी दोन्ही गटांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्या पाचांत एक विद्यापीठाच्या माजी अध्यक्षा होत्या, एक साहित्यिक, एक शास्त्रज्ञ, एक संपादक आणि पाचवे एक्याण्णव वर्षांचे फुजी गुरुजी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये परिषद पुन्हा एकत्रितपणे भरली. ही एकी फार वर्षे टिकली नाही. परंतु १९८० च्या दशकारंभी जपानमध्ये अण्वस्त्रविरोधी लोकमताचा जो महापूर लोटला, त्याला तिने वाट करून दिली.

कलिंगाच्या मातीत

भारतावरचे गुरुजींचे प्रेम उतारवयात अधिकच वाढले. त्यांच्या दृष्टीने हा केवळ बुद्धाचा देश नव्हता, तो गांधींचाही देश होता. राजगीरच्या रत्नगिरी टेकडीवर विश्वशांती स्तूपाची पायाभरणी १९६५ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाली आणि १९६९ मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी त्याचे उद्घाटन केले. १९७२ मध्ये ओडिशातील धौली येथे दुसरा स्तूप उभा राहिला.

धौलीची निवड फार बोलकी होती. तेथेच अशोकाचा शिलालेख आहे. कलिंगाच्या युद्धातील संहार पाहून विजयी सम्राटाला पश्चात्ताप झाला आणि त्याने शस्त्र खाली ठेवले, ही कथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. युद्धात सहभागी झालेल्या आणि त्याबद्दल पश्चात्ताप करणाऱ्या देशातील एका भिक्षूने त्याच डोंगरावर स्तूप उभारावा, याहून अधिक स्पष्ट कबुली ती कोणती? अशोकाचा पश्चात्ताप विजेत्याचा होता, गुरुजींचा पराभूताचा. विजेत्याला पश्चात्ताप होणे अधिक दुर्मिळ असते, हे खरे. परंतु पराभूत राष्ट्रेही सहसा सुडाचाच विचार करतात, हेही तितकेच खरे.

धौलीच्या स्तूपानंतर दोनच वर्षांनी, १८ मे १९७४ रोजी, भारताने पोखरणला पहिला अणुस्फोट घडवला. तो शांततेसाठी असल्याचे सरकारने सांगितले. त्याच्याशी बुद्धाच्या स्मिताचा संकेतशब्द जोडला गेला आणि तो जगभर गाजला. ज्या देशात बुद्ध जन्मला त्या देशाला धर्म परत देण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या भिक्षूच्या वाट्याला हा विरोधाभास आला. पुढे आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठीचा १९७८ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार भारताने फुजी गुरुजींनाच दिला. त्याच वर्षी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणविषयक विशेष अधिवेशनात भारत अण्वस्त्रे बनवणार नसल्याची ग्वाही दिली. वीस वर्षांनी, ११ मे १९९८ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, पोखरणला पुन्हा स्फोट झाले. ते पाहायला गुरुजी हयात नव्हते. शेजारी अण्वस्त्रसज्ज असताना भारताने काय करायला हवे होते, याविषयी आपल्याकडे प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते राहतील. त्यासाठी बुद्धाचे नाव वापरावे का, हा प्रश्न मात्र या चरित्राच्या निमित्ताने स्वतःला विचारायला हरकत नाही.

शंभरीच्या उंबरठ्यावर

वय नव्वदीपार गेले तरी गुरुजींची पावले थांबली नाहीत. १९७० च्या दशकात त्यांचे शिष्य अमेरिकेतील निःशस्त्रीकरण यात्रांमध्ये चालले. १९७८ मध्ये तेथील मूळ रहिवाशांनी आपल्या हक्कांसाठी देश ओलांडणारी पदयात्रा काढली, तिच्यातही डफ वाजवत हे भिक्षू सामील झाले. १९८० मध्ये इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे पाश्चात्त्य जगातील पहिला शांतिस्तूप पूर्ण झाला. त्यानंतर १९८३ मध्ये व्हिएन्नात दुसरा झाला. हा तो काळ होता जेव्हा युरोपात नवी अण्वस्त्रे तैनात होत होती आणि अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील तणाव शिगेला पोहोचला होता.

१२ जून १९८२ रोजी न्यू यॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या निःशस्त्रीकरण अधिवेशनाच्या निमित्ताने सुमारे दहा लाख लोक रस्त्यावर उतरले. निरनिराळ्या दिशांनी आलेल्या शांतियात्रा त्यात येऊन मिळाल्या. शहाण्णव वर्षांचे फुजी गुरुजी त्यासाठी न्यू यॉर्कला गेले. ज्या देशाने त्यांच्या साठीच्या दिवशी बॉम्ब टाकला होता, त्याच देशाचे नागरिक लाखोंच्या संख्येने बॉम्बच्या विरोधात चालत होते. हे दृश्य पाहण्यासाठी दीर्घायुष्य मिळाले, हेही त्यांच्या साधनेचे फळच म्हणायचे.

९ जानेवारी १९८५ रोजी जपानमध्ये त्यांचे देहावसान झाले. तेव्हा ते शंभराव्या वर्षात पोहोचले होते. त्याच वर्षी लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी बॅटरसी उद्यानातील स्तूप खुला झाला. लेहचा स्तूप १९९१ मध्ये आणि वर्ध्याचा १९९३ मध्ये पूर्ण झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरातील अशा स्तूपांची संख्या ऐंशीच्या घरात गेली होती. १९९४ च्या डिसेंबरात ऑश्विट्झहून निघालेली आंतरधर्मीय यात्रा १९९५ च्या ऑगस्टमध्ये, बॉम्बला पन्नास वर्षे झाली तेव्हा, हिरोशिमाला पोहोचली. या वेळी वाट उलटी होती. चालणारे पाय त्याच संघाचे होते.

या साऱ्यातून काय साधले, याचा हिशेब सोपा नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यास जगात सुमारे सत्तर हजार अण्वस्त्रे होती, आज ती बारा हजारांच्या आसपास आहेत. या घटीचे श्रेय डफ वाजवणाऱ्या भिक्षूंना देणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र करार करणाऱ्या नेत्यांवर लोकमताचा दबाव नसता तर ते करार झाले असते, असे मानणेही भाबडेपणाचेच आहे. २०१७ मध्ये १२२ देशांच्या पाठिंब्याने अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर झाला आणि २०२१ मध्ये तो अमलात आला. त्यावर भारताने सही केली नाही आणि प्रत्यक्ष बॉम्ब सोसलेल्या जपानच्या सरकारनेही नाही. २०२४ मध्ये अणुबॉम्बग्रस्तांच्या जपानी संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा बॉम्बमधून वाचलेल्यांपैकी फार थोडे लोक ते पाहण्यासाठी उरले होते.

फुजी गुरुजींचे मोठेपण अशा आकड्यांत शोधू नये. ज्याने कधी चूक केलीच नाही, त्याने अहिंसा सांगणे वेगळे. आपल्या राष्ट्राच्या हिंसेपुढे एकदा गप्प बसलेला माणूस साठाव्या वर्षी नव्याने उभा राहतो आणि उरलेली चाळीस वर्षे गप्प बसत नाही, हे अधिक अवघड आहे. वर्ध्याला त्यांनी जे पाहिले ते लगेच कृतीत आले नाही. ते मनात राहिले आणि वेळ येताच उगवले.

कोल्हापूरहून गोंदियाकडे जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस वर्ध्याला थांबते. सेवाग्रामला जाणाऱ्या प्रवाशांनी थोडी वाट वाकडी करून तो स्तूप पाहावा. चारही दिशांना तोंड केलेल्या बुद्धमूर्ती तेथे आहेत. त्यांच्याकडे पाहताना हिरोशिमाच्या दिवशी साठ वर्षांचा झालेला तो भिक्षू आठवावा.